मास्क दिला, पण बसला का?

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात, हिंगोली जिल्ह्यातील आरोग्यकार्याविषयी केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत. वर बजावलेही आहे, की "सिस्टर, आकडे कमी सांगा, माणसे जास्त सांगा." आकड्यांचे मला वावडेच आहे, त्यामुळे ती काळजी नको. पण त्यांनी आणखी एक सांगितले, की मास्कच्या कामाची आनंदाची बातमी द्या. तिथे मात्र मी थोडी अडखळले. बातमी आहे, आनंदाचीही आहे, पण तिच्या आधी एक कबुली द्यावी लागेल. ती मी आज देणार आहे. या कामाला पैसे तुमचे गेले, म्हणून ऐकण्याचा हक्कही तुमचाच.

तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, २०२० साली चर्च बंद होती. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. तोवर कापणीच्या सणाचे अर्पण तुम्ही घरूनच पाठवले. कोणी मनीऑर्डर केली, कोणी फोनवरून पैसे टाकले. एका आजीने तर धान्याऐवजी आपल्या पेन्शनमधले पैसे पाकिटात घालून पाठवले होते. त्या अर्पणातून आपण हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या डॉक्टरांसाठी एन-९५ मास्क घेतले. पुढच्या अंकात एक फोटो आला. दवाखान्याच्या दारात उभे असलेले, मास्क लावलेले एक डॉक्टर. त्या फोटोचे पुष्कळांनी कौतुक केले. त्या फोटोविषयीच मला बोलायचे आहे. पण आधी हे डॉक्टर कोण, ते सांगते.

आपले काम आदिवासी समाजात, मग डॉक्टरांना मास्क कशाला, असे एका भावाने मला मागे विचारले होते. प्रश्न बरोबर आहे. आपल्या जिल्ह्यातला आदिवासी म्हणजे मुख्यतः आंध समाज. कळमनुरी आणि औंढा नागनाथच्या डोंगराळ भागात त्यांच्या वस्त्या आहेत, आणि कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. थोडी कोरडवाहू शेती, बाकी मजुरी. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी वीटभट्टीवर. फाल्गुन-चैत्रात हळद निघते तेव्हा काढायला, शिजवायला, वाळवायला, पॉलिशच्या ड्रमवर, जिथे हाताला काम मिळेल तिथे. या माणसाला खोकला आला, ताप आला, तर तो आधी कुठे जातो? प्राथमिक आरोग्य केंद्र लांब असते आणि दुपारनंतर डॉक्टर भेटतीलच याचा भरवसा नसतो. तो जातो फाट्यावरच्या खासगी दवाखान्यात. तिथले डॉक्टर बीएएमएस असतील, बीएचएमएस असतील, एखादे युनानीचे असतील. ते उधारीवर तपासतात. "हळद विकली की देतो," एवढा शब्द पुरतो. घरातल्या तीन पिढ्यांची नावे त्यांना पाठ असतात. शहरातल्या लोकांनी ज्याला फॅमिली डॉक्टर म्हटले आणि मग हरवले, तो आमच्याकडे अजून फाट्यावर बसलेला आहे.

आणि तो बसतो कुठे? दहा बाय दहाची खोली. पुढे शटर, मागे भिंत. खिडकी नाही, कारण मागे दुसऱ्याचे घर. वर पंखा, तो पेशंटच्या बाजूने डॉक्टरच्या तोंडावर वारा घालतो. मध्ये एक टेबल. पेशंट टेबलावर वाकून खोकतो. दिवसाला साठ-सत्तर माणसे. हा डॉक्टर आजारी पडला, तर त्या पंचक्रोशीचा दवाखाना बंद. तो आजारी असून कळले नाही, तर त्याच्यापासून साठ-सत्तर घरी आजार. म्हणून डॉक्टरांना मास्क.

मार्च २०२० मध्ये या माणसांकडे काय होते? रुमाल. उपरणे. फार तर मेडिकलवरचा निळा तिपदरी मास्क, तोही धुऊन धुऊन विरलेला. एप्रिलच्या अखेरीस मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलिस दलाच्या जवानांमध्ये लागण आढळली. दलाचा बारावा गट हिंगोलीत आहे. त्या दिवसापासून शहरातच काय, फाट्यावरही माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. सरकारी दवाखान्यांना किट येत होते, कमी-जास्त का होईना. खासगीवाल्याने आपले आपण पाहायचे. बाजारात एन-९५ च्या नावाने काहीही, कितीही रुपयांना विकले जात होते. त्यावर राज्य सरकारने मर्यादा घातली ती ऑक्टोबर २०२० मध्ये: एन-९५ चे प्रकार १९ ते ४९ रुपये आणि साधे दुपदरी-तिपदरी ३ ते ४ रुपये. तोवर सहा-सात महिने निघून गेले होते.

सगळीकडेच असे झाले, असे नाही. धारावीत चोवीस खासगी डॉक्टर पुढे आले. मुंबई पालिकेने त्यांना पीपीई किट, मास्क, हातमोजे, ताप मोजायचे यंत्र, ऑक्सिमीटर असे सगळे दिले, आणि त्या डॉक्टरांनी गल्ल्यागल्ल्यांतून फिरून ४७,५०० माणसे तपासली. हाताशी साधन दिले की गल्लीतला डॉक्टर काय करू शकतो, त्याचा हा पुरावा. उलट बाजूही आहे. नवी मुंबईत एका डॉक्टरांना पालिकेने दवाखाना उघडा ठेवण्याची नोटीस दिली होती. जून २०२० मध्ये ते कोरोनाने गेले. त्यांच्या पत्नीने सरकारच्या पन्नास लाखांच्या विम्यासाठी अर्ज केला, तर उत्तर आले की ते सरकारी सेवेत नव्हते. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांची याचिका फेटाळली आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या बाईंची बातमी मी कळमनुरीच्या बसस्टँडवर वाचली होती. आमच्या फाट्यावरच्या डॉक्टरांच्या बायकांचे काय, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून गेला नाही.

तर आपण मास्क घेतले. मीच घेतले. समितीने माझ्यावर सोपवले होते. तीस वर्षे मी मिशनच्या दवाखान्यांत नर्स म्हणून काढली, मिरजेला शिकले, मला मास्क कळतो असे सर्वांना वाटले. मलाही वाटले. एका दुकानदाराकडून एकाच प्रकारचे, एकाच मापाचे, कानाला अडकवायचे मास्क आणले. स्वस्त पडले. खोके सुंदर होते. त्यावर एन-९५ लिहिलेले होते, नाकाजवळ पट्टी होती. मी खूश. गावोगाव फिरून वाटले, डॉक्टरांनी हात जोडले, फोटो काढले.

त्या फोटोतले डॉक्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले.

नाव सांगत नाही, कुटुंबाची तशी इच्छा आहे. लशीचा पहिला डोस झाला होता. दवाखाना एक दिवस बंद ठेवला नव्हता. सुरुवातीला घरीच होते, मग नांदेडला हलवले, अकराव्या दिवशी गेले. आता नीट ऐका, मी असे म्हणत नाही की ते मास्कमुळे गेले. लागण दवाखान्यात झाली की घरी, की लग्नाच्या मांडवात, कोणालाच ठाऊक नाही. त्या लाटेत मास्क लावणारेही गेले, न लावणारे वाचलेही. पण तेराव्यानंतर मी भेटायला गेले, तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा मास्क त्यांनी कधी काढला नाही. झोपताना नाकावर वण दिसायचा. फक्त एकच तक्रार असायची, चष्म्यावर सारखी वाफ येते म्हणायचे."

चष्म्यावर वाफ.

बंधूंनो, तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ते अनुभवले आहे आणि हसण्यावारी नेले आहे. पण वाफ वर येते म्हणजे श्वास कापडातून न जाता नाकाच्या कडेने बाहेर पडतो आहे. आणि ज्या फटीतून श्वास बाहेर जातो, त्याच फटीतून आतही येतो. मास्कचे कापड कितीही चांगले असो, हवा सोपी वाट शोधते. पाण्यासारखीच. बांध कितीही पक्का घाला, कडेला उंदराचे बीळ असले की पाणी तिथूनच जाते. मी नर्स आहे, मला हे कळायला हवे होते. मला नव्हते कळले. तीस वर्षांत माझ्या स्वतःच्या तोंडावर मास्क बसतो का, हे मला कोणी कधी तपासून दाखवले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

त्यानंतर मी वाचायला लागले. नातीने फोनवर शोधून द्यायचे, मी चष्मा लावून वाचायचे.

मास्कची गोष्ट तशी जुनी आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग आला. तिथे वू लिएन-तेह नावाच्या तरुण चिनी डॉक्टरने कापूस आणि मलमलीचा जाड मास्क बनवला, कारण त्याचे म्हणणे होते की हा प्लेग श्वासातून पसरतो. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ते मानले नाही. मास्क न लावता तो रुग्ण तपासायला गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगने मेला. पुढे कापसाच्या जागी विजेचा भार दिलेले बारीक तंतू आले. आजच्या एन-९५ चे काम त्या भारावर चालते. चाळणीपेक्षा बारीक कण त्या भाराला चिकटतात. नावातला ९५ म्हणजे अगदी बारीक, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कणही शंभरातले किमान पंच्याण्णव अडवायचे. पण हे कापडाचे प्रमाण झाले. कापड तोंडाला चिकटून बसले, तरच ते खरे.

म्हणून अमेरिकेत १९९८ च्या नियमानुसार कामावर असा मास्क वापरणाऱ्याची दरवर्षी फिट टेस्ट करावी लागते. ब्रिटनमध्येही ती करतात. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांतसुद्धा ती फार थोड्या ठिकाणी होते, फाट्यावरचे तर सोडाच. आणखी एक गंमत वाचली. गंमत कसली! हे मास्क कोणत्या चेहऱ्यांवर बसले पाहिजेत, याचा जो जुना तक्ता होता, तो १९६० च्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलातल्या माणसांची तोंडे मोजून केलेला होता. २००३ मध्ये त्यांनी नव्याने मोजमापे घेतली. करोनात ब्रिटनमधल्या स्त्री डॉक्टर आणि नर्सही तक्रार करत होत्या, की मास्क पुरुषांच्या मापाचे आहेत, आमच्या गालाशी फट राहते. मग कळमनुरीच्या बाईचा बारीक चेहरा कोणत्या तक्त्यात बसणार?

आता टेस्ट कशी करतात ते सांगते. साहित्य मी आणले आहे, मागच्या टेबलावर आहे. मुलांनी हात लावू नये, फार कडू आहे.

डोक्यावर एक पारदर्शक टोप घालायचा, पुढे छोटे भोक. त्या भोकातून कडू द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. त्यातले औषध बिट्रेक्स नावाने मिळते. त्याच्याइतके कडू दुसरे काही अजून माणसाला सापडलेले नाही. पहिल्यांदा मास्क न लावता फवारायचे, म्हणजे या माणसाला कडू कळते ना, हे पाहायचे. कोणाला दहा फवाऱ्यांत कळते, कोणाला वीस, कोणाला तीस लागतात. त्याआधी पंधरा मिनिटे खाणे, चहा, तंबाखू काही नाही. आमच्या काही डॉक्टरांना ही अटच सर्वांत कठीण गेली, तंबाखूची. मग तोंड धुऊन मास्क लावायचा, टोप घालायचा, आणि जास्त ताकदीचे द्रावण फवारत राहायचे. त्या वेळी तोंड उघडे ठेवून श्वास घ्यायचा. आधी साधा श्वास, मग खोल श्वास, मग मान डावी-उजवीकडे, मग वर-खाली, मग मोठ्याने बोलणे, मग वाकणे, शेवटी पुन्हा साधा श्वास. एकेक मिनिट. मधेच जिभेला कडू लागले, की नापास. डॉक्टर नापास होत नाही, मास्क नापास होतो, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. तरी चेहरे पडतात. शाळेची सवय.

बोलण्याच्या मिनिटाला शंभरपासून उलटे आकडे म्हणायला सांगतात. इंग्रजीत ते सोपे असावे. मराठीत आमचे निम्मे डॉक्टर एकोणऐंशीला अडकतात. एकाने तर सरळ पसायदान म्हणायला सुरुवात केली. चालते. जबडा हलला म्हणजे झाले.

मी पहिली टेस्ट स्वतःवर करून घेतली, आपण वाटलेल्याच मास्कवर. टोप घातला, मान फिरवली आणि जीभ कडूजहर झाली. पाणी पिऊनही जाईना. मी तशीच खुर्चीवर बसून राहिले. घरातल्यांना वाटले, कडूपणाने डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे आपलेच मास्क होते. चारपैकी तीन नापास. एकाला तर मान हलवायच्या आधीच कडू लागले. ते आयुर्वेदाचे आहेत, म्हणाले, "सिस्टर, काडेचिराईत बरे हो याच्यापुढे." चौथ्यांचा चेहरा रुंद, हनुवटी भक्कम, त्यांना तो चपखल बसला. म्हणजे मास्क अगदी खोटा नव्हता. तो एकाच प्रकारच्या तोंडाचा होता, आणि कानातल्या दोऱ्यांना त्याला घट्ट ओढून धरण्याइतका जोर नव्हता. डोक्यामागून दोन पट्ट्या जाणारा मास्क जास्त घट्ट बसतो. हे खोक्यावर लिहिलेले नसते. किंवा असेल, मी वाचले नव्हते.

काही गोष्टी टेस्टच्या निमित्ताने कळल्या. एक डॉक्टर रोज रात्री मास्क साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालायचे. दुसरे त्यावर सॅनिटायझर मारायचे. स्वच्छतेचे मन चांगले, पण साबणाने आणि स्पिरिटने तंतूंवरचा भार जातो, मागे उरते साधे कापड. त्याऐवजी चार-पाच मास्क आळीपाळीने वापरायचे, उतरवलेला कागदी पिशवीत ठेवायचा, पिशवीवर वार लिहायचा. प्लास्टिकची पिशवी नको, घाम आतच कोंडतो. आणखी एकांकडे पुढे गोल झाकण असलेला मास्क होता, श्वास सोपा जातो म्हणून. ते झाकण म्हणजे व्हॉल्व्ह. त्यातून डॉक्टरचा श्वास न गाळता पेशंटवर जातो. जुलै २०२० मध्येच केंद्र सरकारच्या आरोग्य महासंचालकांनी त्याविरुद्ध पत्र काढले होते, पण फाट्यापर्यंत पत्रे कुठे येतात?

एका डॉक्टरांविषयी जरा सविस्तर सांगते. युनानीचे आहेत, वयस्कर, पांढरीशुभ्र दाढी. आंध वस्तीतल्या लोकांचा त्यांच्यावर फार जीव. दाढीवर कोणताच मास्क चिकटत नाही, तिथे फट राहणारच. नियमाप्रमाणे मी त्यांना सांगायला हवे होते, की दाढी काढा. माझ्या तोंडून ते निघेना. त्यांच्या धर्माची आणि मानाची गोष्ट, आणि मी कोण सांगणारी? तेच म्हणाले, "सिस्टर, हे सोडून काही असेल तर बोला." मग पुन्हा वाचन. ब्रिटनमधल्या शीख दंतवैद्यांनी यावर युक्ती काढली आहे. दाढी हनुवटीखाली गोळा करून त्यावर रबराचा लवचिक, पातळ पट्टा बांधायचा, डोक्यावर गाठ मारायची, आणि त्या गुळगुळीत पट्ट्यावर मास्क बसवायचा. शेजारी नांदेडला गुरुद्वारा, तिथे दाढी बांधलेली माणसे रोज पाहतो, पण हे सुचायला साता समुद्रापार जावे लागले. व्यायामाचा रबरी पट्टा आणला. पहिल्या दोन वेळा कडू लागले. तिसऱ्या वेळी सातही मिनिटे निघाली. डॉक्टरसाहेब टोपातूनच हसले आणि म्हणाले, "अब बताओ." पण उन्हाळ्यात तो पट्टा तासन् तास सहन होत नाही, हेही खरे. म्हणून त्यांनी खोकल्याचे पेशंट बाहेर लिंबाखाली बाकावर तपासायला सुरुवात केली. खरे म्हणजे तो उपाय आमच्या सगळ्या मास्कांपेक्षा बरा आहे.

तुम्ही म्हणाल, करोना गेला, आता हे कशाला? क्षयरोगामुळे. आमच्या वस्त्यांत तो करोनाच्या आधीही होता आणि आजही आहे. ऊसतोडीवरून, भट्टीवरून खोकत आलेला माणूस पहिल्यांदा त्याच फाट्यावरच्या डॉक्टरकडे जातो. थुंकी तपासायला पाठवेपर्यंत दोन-तीन वेळा तो टेबलावर वाकून खोकून गेलेला असतो. हळदीच्या ड्रमजवळ उन्हाच्या तिरिपीत धूळ कशी तरंगते, खाली बसतच नाही, ते तुम्ही कधी आलात तर दाखवीन. क्षयाचे जंतू असलेले कण त्याहून बारीक. बंद खोलीत ते तासन् तास हवेत राहतात. पेशंट घरी गेला तरी त्याचा खोकला खोलीत बसलेला असतो. खासगी डॉक्टरने क्षयाचा प्रत्येक रुग्ण कळवलाच पाहिजे, असा सरकारचा आदेश २०१२ पासून आहे. रुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसेही मिळतात, पूर्वी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. हे सगळे चांगले आहे. पण रुग्ण ओळखणारा डॉक्टर ज्या खोलीत बसतो, त्या खोलीची हवा कोणाच्या आदेशात येत नाही.

आता कबुलीचा उरलेला भाग. हे सगळे कळल्यावर मी समितीपुढे ठेवले, की आपण वाटलेले मास्क पुष्कळांना बसत नाहीत. बैठक लांबली. एकजण म्हणाले, हे छापू नका, देणाऱ्यांची मने दुखावतील, पुढच्या वर्षीचे अर्पण आटेल. दुसरे म्हणाले, चांगल्या मनाने दिले, चांगल्या मनाने वाटले, यात चूक कुठे? मी कोणालाच वाईट म्हणत नाही. मलाही गप्प बसणे सोपे होते, खरेदी माझीच होती. पण त्या आजीचे पाकीट माझ्या डोळ्यांपुढे होते. तिने पेन्शनमधले पैसे डॉक्टरच्या तोंडावर मास्क बसावा म्हणून दिले होते, फोटो यावा म्हणून नव्हे. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टरना सांगू द्या." म्हणून मी इथे उभी आहे.

उरलेली खोकी फेकली नाहीत, ही काळजी नसावी. डॉक्टरच्या तोंडावर फट चालत नाही, पण खोकणाऱ्या पेशंटच्या तोंडावर तोच मास्क उपयोगी आहे. त्याचा शिंतोडा जागीच अडतो. दारात पाटी लावली, "खोकला असल्यास आधी मास्क घ्या", आणि खोके तिथे ठेवले. ते सगळे संपले. आणि नवीन घेताना आता मी एकदम शंभर घेत नाही. तीन-चार प्रकारचे, दोन मापांचे, डोक्यामागून पट्ट्यांचे, आयएस ९४७३ चा शिक्का पाहून, थोडे थोडे आणते. त्यातला जो ज्या डॉक्टरला बसेल, त्याची नोंद वहीत करते, आणि पुढे त्यांना तोच. वर्षाने पुन्हा टेस्ट. माणूस वाळतो, सुटतो, दाढा काढतो, कवळी बसवतो, चेहरा तोच राहत नाही. हे काम फोटोत चांगले दिसत नाही. टोप घातलेला माणूस आंतराळात निघाल्यासारखा दिसतो आणि पोरे दारात गोळा होऊन हसतात. देणगी मागायची तर मी याच कामासाठी मागते: थोडे मास्क, द्रावण, आणि फिरायला एसटीचे भाडे.

फोटोतल्या डॉक्टरांचा दवाखाना दोन वर्षे बंद होता. शटरला गंज चढला होता. जागा वहिनींच्या नावावर आहे. पुढे एक तरुण मुलगी, होमिओपॅथीची डॉक्टर, ती भाड्याने मागायला आली. वहिनींनी दिली. मागच्या पावसाळ्यात मी तिथे टेस्टला गेले. मुलीचा चेहरा लहानसा, नाक बारीक. पहिला मास्क लगेच नापास. दुसरा वाकताना. तिसरा मान वर करताना. मुलगी रडवेली झाली, म्हणाली, "सिस्टर, राहू द्या, माझं तोंडच चुकीचं आहे." वहिनी दारात उभ्या राहून सगळे पाहत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "तोंड कशाला चुकीचं असंल माय? दुसरा काढा."

चौथा लहान मापाचा होता. साधा श्वास, खोल श्वास, मान इकडे, मान तिकडे, वर, खाली. मग आकडे. एकोणऐंशी तिने बरोबर म्हटले. वाकली. पुन्हा साधा श्वास. टोप काढला तेव्हा तिने जीभ ओठांवर फिरवून पाहिली आणि मान हलवली, काही नाही.

मी सामान आवरत होते. मुलगी आत गेली होती. वहिनींनी मला हळूच विचारले, "सिस्टर, यांची अशी टेस्ट झाली असती, तर?"

मी त्यांना काय सांगणार? मला ठाऊक नाही, एवढेच म्हणाले. पहिले मास्क मीच आणले होते, आणि त्या वेळी मला हे येत नव्हते, हेही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. चहा ठेवायला आत गेल्या. चहा झाल्यावर त्यांनी मला मागची भिंत दाखवली. मागे आता घर राहिलेले नाही, ते लोक पुण्याला गेले आणि जागा मोकळी पडली आहे. मला म्हणाल्या, "तुम्ही मागं बोलला होता ना वाऱ्याचं? इथं खिडकी काढली तर चालंल का?"

दिवाळीनंतर गवंडी लावून त्यांनी ती खिडकी काढून घेतली आहे, स्वतःच्या पैशाने. टेबलही फिरवले आहे, आता वारा डॉक्टरच्या पाठीकडून पेशंटकडे जाऊन खिडकीतून बाहेर जातो. मुलीच्या टेस्टला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. लहान मापाचा तो मास्क सध्या दुकानात मिळत नाही, म्हणून मी या वेळी पुण्याला आले आहे तर दोन खोकी शोधून नेणार आहे. कोणाला चांगले दुकान ठाऊक असेल, तर चहाच्या वेळी मला सांगा. टोप आणि द्रावण मागे टेबलावर आहेच. ज्यांना स्वतःचा मास्क तपासून पाहायचा असेल, त्यांनी कृपा करून बिस्किटे नंतर खावीत.